तोरणमाळची तोरणादेवी आणि आपली रखुमाई



शहाद्याकडून सात पायरीचा घाट चढून तोरणमाळला गेलं की माणसं आधी गोरक्षनाथांच्या देवळाकडे वळतात. वारकऱ्याला ते साहजिकच आहे. गोरक्षनाथांपासून गहिनीनाथ, त्यांच्यापासून निवृत्तिनाथ आणि मग आपली ज्ञानेश्वर माउली. आपल्या घराण्याची वाट तिथूनच येते. महाशिवरात्रीला यात्राही तिथंच भरते. पण जिच्यावरून या डोंगराला नाव पडलं असं लोक सांगतात, त्या तोरणादेवीपुढे थांबून तिच्या नावाचा अर्थ विचारणारे थोडे.

संस्कृतात तोरण म्हणजे बाहेरचा दरवाजा, कमान. अमरकोशात हाच अर्थ दिला आहे. त्या कमानीवर बांधलेल्या पानाफुलांच्या माळेलाही मग तोरण म्हणू लागले; दसऱ्याला आपण दाराला बांधतो ते. तेव्हा तोरणादेवी म्हणजे वेस राखणारी देवी. अर्थ चांगला आहे, कीर्तनात सांगायलाही बरा. पण तोरण नावाचं एक काटेरी झुडूपही असतं, बोरीच्या जातीचं, पांढरट फळांचं. पुणे जिल्ह्यातल्या तोरणा किल्ल्याला या झाडांवरून नाव पडलं असं सांगतात, आणि तिथंही देवी आहे, तोरणजाई. एवढ्या अंतरावरचे दोन डोंगर आणि दोन्हीकडे तोरणाची देवी! माझं मन तरी झुडपाकडेच झुकतं. रानात राहणाऱ्यांनी देवीला नाव दिलं असेल तर ते रोजच्या पाहण्यातलंच दिलं असेल. त्या रानात कमानी कुठल्या?

झुडपावरून देवीचं नाव म्हटलं की काहींना कमीपणा वाटतो. अहो, आपल्या आयाबहिणी तुळशीचं वृंदावन डोक्यावर घेऊन पंढरीला चालत जातातच की!

आता रखुमाईचंच बघा. रुक्म म्हणजे सोनं, म्हणून रुक्मिणी म्हणजे सोन्यासारखी तेजाची. विदर्भाच्या भीष्मक राजाची ही लेक. भागवतात तिचे पाच भाऊ आहेत: रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली. सगळं घरच सोन्याच्या नावाचं! पंढरीत मात्र ती रखुमाई झाली. बोलता बोलता रुक्माचं सोनं झिजून गेलं आणि शेवटी 'आई' लागली. रुक्म म्हणजे काय हे ठाऊक नसलेली म्हातारीसुद्धा त्या 'आई'वर विसंबून तिच्या पायावर डोकं ठेवते.

सातपुड्यातले आदिवासी बांधव ज्या याहा मोगीला मानतात, तिच्याही नावात हेच आहे. याहा म्हणजे आई. आपण ती शेवटी लावतो, ते आधी लावतात. तिचं मोठं ठाणं गुजरातेत सागबारा तालुक्यात देवमोगरा इथं आहे, आणि तिची यात्राही महाशिवरात्रीलाच असते. तोरणमाळला गोरक्षनाथांकडे गर्दी लोटते त्याच दिवसांत सातपुड्याचे किती तरी लोक टोपल्यांत नवं धान्य घेऊन याहाकडे निघालेले असतात.