भिंगाला आधार कशाचा?

सातारा-सांगली भागातील खेड्यांत १९८०च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला माणूस चष्म्यावरून ओळखू येई. जाड, फुगीर काचा आणि त्यांमागे मोठे दिसणारे डोळे! मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून या भागाला शस्त्रक्रिया अपरिचित नव्हती. पण काढलेल्या भिंगाच्या जागी काय, याचे उत्तर दीर्घकाळ चष्मा हेच होते.

या चष्म्याचा क्रमांक सुमारे +१० असे, म्हणजे नाभीय अंतर अवघे १० सेंटिमीटर. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळत नाहीत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा परावलंबी.

लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले होते. मग ते खेड्यापर्यंत यायला इतका काळ का लागला? किंमत हे एक कारण. मदुराईच्या अरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली, तेव्हा ते दूर होऊ लागले. दुसरे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असते आणि ही पिशवी सूक्ष्म तंतूंनी टांगलेली असते. शिबिरांतील जुन्या पद्धतीत भिंग पिशवीसकट काढत. काम झटपट होई, पण नवे भिंग ठेवायला जागाच उरत नसे. महाराष्ट्रासह सात राज्यांत १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पाने पिशवी राखून भिंग बसवण्याच्या पद्धतीवर भर दिला.

परंतु आधी शस्त्रक्रिया झालेल्या, मार लागलेल्या किंवा पिशवी फाटलेल्या डोळ्यांचे काय? त्यांच्यासाठी तीन आधार शोधले गेले.

पहिला, बुबुळाच्या पुढची पोकळी. तेथे बसवलेल्या काही बंद कड्यांच्या भिंगांनी १९८०च्या दशकात पारपटलाला इजा केली आणि ती काढावी लागली. उघड्या कड्यांची भिंगे मात्र नेपाळमधील लाहान येथील चाचणीत (१९९७) एक वर्षानंतर समाधानकारक आढळली. दुसरा आधार बुबुळाचाच. त्याला चिमट्यासारखे धरणारे भिंग हॉलंडच्या यान वर्स्ट यांनी तयार केले. भारतात अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ते रुजवले. तिसरा, डोळ्याचे पांढरे कवच म्हणजे श्वेतपटल. तेथे भिंग टाक्यांनी बांधतात. पण टाका काही वर्षांनी तुटू शकतो. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये टाक्याऐवजी जैविक गोंद वापरला.

यांतील सर्वांत चांगली पद्धत कोणती? अमेरिकेच्या नेत्रवैद्यक अकादमीने २००३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. कोणतीही एक पद्धत निर्विवाद सरस ठरली नाही. पारपटल, बुबुळ, डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटल यांची स्थिती पाहूनच निवड करावी लागते.

आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी अजूनही असा जाड चष्मा वापरणारी आजी असू शकेल. "ऑपरेशन झालंय, आता काही होणार नाही," अशी तिची समजूत असते. दुसऱ्यांदा भिंग बसवणे अनेकदा शक्य असते, पण प्रत्येक डोळ्यात नाही. ते तपासणीनंतरच ठरते, आणि तपासणीला उशीर झाला असे वयावरून मानू नये.