शिडे नेमकी कशामुळे उतरली?

आगबोट आली आणि शिडे गेली, असे आपण शाळेत एका वाक्यात शिकतो. सालांशी ताडून पाहिले तर हे वाक्य टिकत नाही. वाफेच्या जहाजांची अटलांटिकवर नियमित ये-जा १८३८च्या सुमारास सुरू झाली. आणि कुनार्ड कंपनीची ‘अंब्रिया’ १८८४ मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा तिच्यावरही शिडांची सोय होतीच. मधल्या जवळपास अर्ध्या शतकाचे काय? जुन्या कप्तानांचा हट्ट, परंपरेचा मोह अशी उत्तरे सहसा दिली जातात. पण पैशापैशाचा हिशेब ठेवणारे जहाजमालक निव्वळ हट्टापायी इतकी वर्षे डोलकाठ्या, दोरखंड, कापड आणि ते हाताळणारे खलाशी पोसतील, हे पटत नाही. शिडे हा विमा होता. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर काय, या प्रश्नाला दुसरे उत्तर सापडेपर्यंत तो कोणी मोडला नाही.

भीती काल्पनिक नव्हती. सुरुवातीच्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी भरत. ते उकळले की आतल्या पत्र्यावर क्षारांची खपली धरायची. खपली जाड झाली की पत्र्याची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नसे आणि पत्राच तापून कमकुवत होई. म्हणून दाट झालेले खारे पाणी अधूनमधून बाहेर सोडायचे, आणि जहाज थांबले की माणसांनी आत शिरून छिन्नी-हातोड्याने खपली फोडायची. बॉयलर धड राहिला तरी जहाज ढकलणारा पाण्याखालचा पंखा दगा देई. ब्रुनेल या इंजिनिअरच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाच्या पंख्याची पाती १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुसऱ्याच फेरीत तुटली. परतीच्या वाटेवर उरलीसुरलीही गेली आणि हे नवलाचे जहाज शिडांवर लिव्हरपूलला आले. शिडे नसती तर ते कुठे वाहत गेले असते, कोण जाणे. त्या काळी मदतीला हाक मारण्याचे साधन म्हणजे निशाण आणि तोफेचा आवाज. दोन्ही क्षितिजाच्या आतले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. शिडे बिघाडाच्या भीतीने नव्हे, तर कोळसा वाचवायला ठेवली होती, असे म्हणता येते. लांबच्या वाटांवर ते बऱ्याच अंशी खरेही आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा मुंबईचाच आहे. नवरोजी जमशेटजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझच्या दिशेने निघाली. तिच्या रचनेत जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची जागा होती आणि एडनपर्यंतच अकरा दिवस लागले. मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा कोंबूनही एडनला पोचताना तिच्याकडे सहा तासांपुरताच उरला होता. अशा बोटीला वारा फुकट मिळत असेल तर तो कोण नाकारील? ब्रिटिश आरमाराच्या ‘वॉरियर’वर तर (१८६०) शिडांवर चालताना पंखा पाण्यात अडथळा करतो म्हणून तो दोरांनी वर ओढून घेत, त्यासाठी सुमारे सहाशे माणसे लागत.

पण हाच आक्षेप उत्तर अटलांटिकवर लंगडा पडतो. ‘अंब्रिया’ आठवडाभरात समुद्र पार करी, पुरेसा कोळसा घेऊन निघे, आणि तिच्या वेगापुढे वाऱ्याची मदत नगण्यच होती. तोवर जोडसिलिंडरच्या इंजिनांनी कोळशाचा खपही बराच खाली आणला होता. तरी शिडे राहिली. इथे बचतीचे कारण पुरत नाही, विम्याचेच पुरते.

मग दुसरा प्रश्न येतो: एवढ्या अजस्र जहाजांना शिडे खरोखर वाचवू शकत होती का? फारशी नाही, आणि इथेच गोष्ट रंगते. सहा डोलकाठ्यांचे ‘ग्रेट ईस्टर्न’ सप्टेंबर १८६१ मध्ये आयर्लंडजवळ वादळात सापडले. बाजूची दोन्ही चाके मोडली, सुकाणूचा दांडा तुटला, उभारलेल्या शिडांच्या चिंध्या झाल्या. प्रवाशांत टाउल नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर होता. त्याने तुटलेल्या दांड्याला जाड साखळ्या गुंडाळून सुकाणू पुन्हा हलते केले आणि जहाज किनाऱ्याला लागले ते मागच्या पंख्याच्या जोरावर. चाकांना एक इंजिन आणि पंख्याला दुसरे, अशी त्याची रचना होती. त्यातले दुसरे वाचले होते. ‘अंब्रिया’चा पंखा फिरवणारा शाफ्ट डिसेंबर १८९२ मध्ये मोडला तेव्हाही मुख्य इंजिनिअरने समुद्रातच दुरुस्ती करून तिला हळूहळू न्यूयॉर्क गाठून दिले. म्हणजे विमा होता, पण जहाज जितके वाढले तितकी त्याची किंमत घटत गेली.

खरे उत्तर दोन पंख्यांनी दिले. १८८०च्या दशकाच्या अखेरीस ‘सिटी ऑफ न्यूयॉर्क’ आणि ‘सिटी ऑफ पॅरिस’ या जहाजांत दोन स्वतंत्र इंजिने, दोन पंखे आले. कुनार्डनेही १८९३च्या ‘कॅम्पानिया’त तेच केले आणि शिडे वगळली. शिडांची जागा वेगाने नव्हे, दुसऱ्या इंजिनाने घेतली. कोणी म्हणेल, मार्च १८९० मध्ये ‘सिटी ऑफ पॅरिस’चा एक शाफ्ट तुटून इंजिन बेफाम फिरून फुटले, त्याच्या तुकड्यांनी मधली भिंत फोडली, दोन्ही इंजिनघरांत पाणी भरले आणि जहाज अखेर ओढून न्यावे लागले. खरे आहे. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की दुसरे इंजिन पहिल्याच्या संकटापासून अलग नसेल तर ते असून नसल्यासारखे. इतर आडव्या भिंतींनी जहाज तरंगते ठेवले, म्हणून प्रवासी वाचले.

मालवाहू जहाजांनी दोन पंख्यांचा खर्च सहसा केलाच नाही. त्यांच्यासाठी विमा बिनतारी यंत्राच्या आणि ओढणाऱ्या टग बोटींच्या रूपाने आला, आणि आजही बहुतेक मोठी मालवाहू जहाजे एका इंजिनावर, एका पंख्यावर चालतात. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या सुमारे ३०० मीटर लांबीच्या जहाजाची वीज गेली आणि ते एकमेव इंजिन थांबले. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. जहाजावरच्या बंदर-पायलटांनी इशारा दिला, वाटेतल्या पुलावरची वाहतूक थांबवता आली. तरी जहाज पुलाच्या खांबावर आदळून पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर गेले. टग बोटी जहाजाला सोडून थोड्याच वेळापूर्वी परतल्या होत्या.