गाझी : पडद्यावरची आणि पाण्यातली

‘द गाझी अटॅक’ हा चित्रपट १७ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि पहिल्याच रविवारी मी वडिलांना घेऊन घाटकोपरच्या एका मॉलमध्ये तो पाहायला गेलो. महापालिका निवडणुकीच्या प्रचाराचा तो शेवटचा रविवार होता. लालबहादूर शास्त्री मार्गावर भोंगे आणि झेंडे यांची गर्दी. मुलुंडहून निघालेली आमची रिक्षा तासभर रखडली. एरवी सिनेमाला ‘टीव्हीवर येईल तेव्हा बघू’ म्हणणारे बाबा त्या दिवशी कुरकुरले नाहीत. त्यांनी माझगावच्या पलीकडे, नौदलाच्या गोदीत इलेक्ट्रिकल फिटर म्हणून हयात घालवली होती. पाणबुड्यांच्या बॅटऱ्यांच्या कामासाठी ते अनेकदा त्यांच्या पोटात उतरले होते.

या लेखाचा विषय तो चित्रपट आहेच. पण त्याहून अधिक, तो पाहणाऱ्यांनी कशाला खरं मानलं हा आहे.

आधी इतिहास. पाकिस्तानची ‘गाझी’ ही मूळची अमेरिकन नौदलाची ‘डायब्लो’. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९६४ मध्ये पाकिस्तानी नौदलात दाखल झाली. १९६५ च्या युद्धात भारताकडे एकही पाणबुडी नव्हती; आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा इथे नौदलात आली. त्यामागून आलेल्या दोन पाणबुड्यांची नावं मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. ‘खांदेरी’ हे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी घातलेल्या बेटाचं नाव आणि ‘करंज’ हे उरणजवळच्या करंजाचं.

नोव्हेंबर १९७१ मध्ये गाझी कराचीहून निघाली. बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन परतण्याइतका पल्ला असलेली पाकिस्तानकडची ती एकमेव पाणबुडी होती आणि तिचं लक्ष्य होतं विमानवाहू ‘विक्रांत’. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानकडे लपवलं आणि ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असा भास खोट्या संदेशांतून निर्माण केला. या सोंगात ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका सामील होती. तीही ब्रिटिशांकडून घेतलेली, महायुद्धातलीच. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री राजपूत बंदराबाहेर पडली आणि संशय येताच तिने पाण्यात स्फोटकं सोडली. मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावर मोठा स्फोट ऐकू आला. गाझीतले ९३ जण बुडाले. एकही वाचला नाही.

भारताची अधिकृत भूमिका अशी की राजपूतने गाझी बुडवली. पाकिस्तानचं म्हणणं असं की आपणच पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने ती गेली. अवशेषांचा पुढचा भाग फुटलेला आढळला. तो आतून फुटला की बाहेरून यावर नौदलातले जाणकार आजही वाद घालतात. मात्र एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. गाझीशी कोणत्याही भारतीय पाणबुडीची झुंज झाली नाही.

आणि चित्रपटात मात्र सगळी झुंज पाणबुडीशीच आहे.

दिग्दर्शक संकल्प रेड्डी यांचा हा पहिला चित्रपट, तेलुगू आणि हिंदीत एकाच वेळी केलेला. त्यांनी भारतीय पाणबुडीला क्रमांक दिला एस-२१. हा क्रमांक खऱ्या ‘करंज’चा. पण युद्धाच्या दिवसांत करंज पश्चिमेला अरबी समुद्रात गस्त घालत होती. तिचे कप्तान पुढे नौदलप्रमुख झालेले व्ही. एस. शेखावत, ज्यांना त्या गस्तीसाठी वीरचक्र मिळालं. पडद्यावर के. के. मेनन आक्रमक कप्तान आहेत, राणा दग्गुबाती त्यांना आवर घालणारे अधिकारी आणि आपले अतुल कुलकर्णी या दोघांच्या मध्ये उभे. या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भारतात पाण्याखालचा युद्धपट प्रथमच होतोय याचं अनेकांना कौतुक वाटलं. देशभक्तीचा सूर चढा लागलाय अशी तक्रारही झाली.

आमच्या सभागृहातला निकाल मी डोळ्यांनी पाहिला. चित्रपटात एक प्रसंग आहे. पाणबुडीतले सगळे राष्ट्रगीत गातात, ते पाण्यातून शत्रूला ऐकू जातं आणि तो डिवचला जातो. चित्रपटगृहात सुरुवातीला राष्ट्रगीत वाजवण्याचा आणि उभं राहण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २०१६ चा. कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर उभं राहण्याची गरज नाही, हा खुलासा १४ फेब्रुवारी २०१७ चा. म्हणजे प्रदर्शनाच्या तीनच दिवस आधीचा. आमच्या ओळीतले चौघे उभे राहिले, मग मागचे, मग एकमेकांकडे बघत बाकीचे. बाबाही उठले. त्यांच्या गुडघ्यांना त्या दिवसांत उठणं-बसणं जड जात होतं, म्हणून मी त्यांचा दंड धरला. पुढे गाझी फुटली तेव्हा टाळ्या झाल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत.

रिक्षात मी विचारलं, “कसा वाटला?”

“चांगला केलाय. गुंतून बसलो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण अरे, पाणबुडीत इतकं सरळ चालता येत नाही. आणि बॅटरीचं कुणी नावच घेत नाही.”

भांडुप गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, “त्र्याण्णव होते ना रे?”

बाबांच्या बॅटरीच्या शेऱ्याचा अर्थ मला नंतर वाचन करताना कळला. डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली चालते ती शिशाच्या प्रचंड बॅटऱ्यांवर. त्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून पाणबुडीत शत्रूच्या आधी हवा मोजतात. गाझीच्या अंताबद्दलच्या तर्कांत हायड्रोजनचाही एक तर्क आहेच. रशियाची ‘कुर्स्क’ १२ ऑगस्ट २००० रोजी ११८ जणांसह गेली, ती तिच्याच टॉर्पेडोतल्या रसायनाच्या गळतीने. १९६१ च्या ‘के-१९’ वर संकट आलं ते अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणा बिघडल्याने. पाणबुडीचा घात बहुधा आतून होतो. थरारपटाला मात्र शत्रू लागतो, तोही चेहरा असलेला. हायड्रोजनला चेहरा नसतो.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकन ‘यू-५७१’ या २००० सालच्या चित्रपटात जर्मनांचं सांकेतिक यंत्र अमेरिकन खलाशी पळवून आणतात. प्रत्यक्षात मे १९४१ मध्ये ब्रिटिशांच्या ‘बुलडॉग’ने ‘यू-११०’ या पाणबुडीतून ते मिळवलं, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. यावर ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला आणि पंतप्रधान ब्लेअर यांनीही हा त्या खलाशांच्या स्मृतीचा अपमान असल्याचं मान्य केलं. जर्मन ‘दास बोट’ (१९८१) जगभर थोर युद्धपट ठरला. पण ज्यांच्या कादंबरीवरून तो केला ते बुखहाइम, स्वतः युद्धवार्ताहर म्हणून त्या पाणबुडीतून गेलेले, त्यावर नाराज होते. प्रेक्षक थरार मोजतो आणि तिथे जाऊन आलेला माणूस भलतंच काही मोजतो. दोघांची मापं वेगळी असतात. चित्रपट चांगला की वाईट हे एका मापावर ठरतं, खरा की खोटा हे दुसऱ्यावर.

राजपूतच्या बाबतीत आपल्याकडे असा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. एका जुन्या विनाशिकेचं श्रेय कल्पित पाणबुडीला दिलं गेलं आणि टाळ्या वाजवणाऱ्या आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

दुसरी एक घटना मला अधिक सलते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र उलटताच, मुंबईच्या गोदीत धक्क्याला लागलेल्या ‘सिंधुरक्षक’मध्ये स्फोट झाले आणि ती जागेवरच बुडाली. तीन अधिकारी आणि पंधरा खलाशी गेले. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. सकाळी बाबा दूरदर्शन संचासमोर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. तरी फोन येत होते, कांजूरमार्गच्या नौदल वसाहतीतून, विक्रोळीहून, डोंबिवलीहून. आत पाणी किती असेल, दारं फुगली असतील का, पाणबुडे कुठून शिरतील, असलंच बोलणं. पुढच्या फेब्रुवारीत ‘सिंधुरत्न’मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात धूर कोंडून दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. हा धूर बॅटरीच्या भागातूनच निघाला होता. गाझीवर थरारपट निघाला. धक्क्यावर गेलेल्या अठरा जणांवर कुणी काढील असं वाटत नाही. त्यात जिंकणारं कुणी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की भारतीय नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचावयानाला विशाखापट्टणमच्या समुद्रात गाझीचे अवशेष आढळले आणि मृतांच्या सन्मानार्थ त्यांना हात न लावण्याचं ठरलं. अडकलेल्या पाणबुडीतून जिवंत माणसं काढण्यासाठी हे यान २०१८ मध्ये नौदलात आलं. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नंग्गाला’ बेपत्ता झाली, तेव्हा तसंच यान विशाखापट्टणमहून निघालं होतं. पण ५३ खलाशांतलं कुणी वाचलं नाही.

ही बातमी वाचायला बाबा नव्हते. ते असते तर यान किती खोल जातं, बॅटरी कसली, हे आधी विचारलं असतं. बुडवली कुणी, हा प्रश्न त्यांनी त्या रविवारीही विचारला नव्हता. माणसं किती होती एवढंच त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं.