बुधाची उजेडातली बाजू

बुध सूर्याची पाठ सोडत नाही. त्यामुळे तो दिसतो पहाटे किंवा तिन्हीसांजेला, क्षितिजालगतच्या गढूळ हवेतून. ही अडचण ओळखून मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जिओव्हानी स्किआपारेल्ली यांनी १८८२ पासून भर दिवसा बुधाचे वेध घेतले. सात वर्षे त्यांना तेच पुसट डाग पुन्हा पुन्हा त्याच जागी आढळले. १८८९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती फिरतो आणि तेवढ्याच काळात स्वतःभोवतीही. चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, तसा बुध सूर्याला. मधला पट्टा वगळता एका बाजूस अखंड दिवस, दुसरीस अखंड रात्र.

फ्रान्समधील म्यूदाँच्या वेधशाळेतून यूजीन आंतोनियादी यांनी १९३४ च्या ग्रंथात या मताला दुजोरा दिला. पाठ्यपुस्तकांतही तेच छापले गेले.

१९६५ मध्ये प्वेर्तो रिकोतील अरेसिबो येथून पेटेनगिल आणि डाइस यांनी बुधावर रडारच्या लहरी सोडल्या. परतलेल्या लहरींवरून स्वतःभोवतीच्या फेरीचा काळ सुमारे ५९ दिवस निघाला. जुझेप्पे कोलोंबो यांच्या लक्षात आले, की हे तर ८८ चे दोन तृतीयांश! सूर्याभोवती दोन फेऱ्या होतात तोवर स्वतःभोवती तीन. म्हणजे अखंड दिवस कुठेच नाही. बुधाचा एक दिवस आपल्या १७६ दिवसांचा.

मग जुन्या निरीक्षकांनी खोटे पाहिले का? नाही. पृथ्वीवरून बुध सोयीचा दिसण्याची वेळ साधारण ३४८ दिवसांनी पुन्हा येते. तेवढ्यात तो स्वतःभोवती जवळपास सहा वेळा फिरतो. ८८ दिवसांचा काळ धरला, तर जवळपास चार वेळा. दोन्ही हिशोबांत तोच चेहरा समोर येतो. डोळे चुकले नव्हते. पाहण्याच्या वेळा ठरावीक होत्या, आणि त्यातून ७६ वर्षांची चूक घडली.

गंमत म्हणजे यानालाही हाच अनुभव आला. १९७४-७५ मध्ये ‘मरिनर १०’ तीनदा बुधाजवळून गेले, दर वेळी १७६ दिवसांच्या अंतराने. तिन्ही वेळा उजेडात तीच बाजू होती, त्यामुळे निम्म्याहून कमी पृष्ठभागाची छायाचित्रे मिळाली. उरलेला भाग यानाच्या कॅमेऱ्यात यायला ‘मेसेंजर’ची, म्हणजे २००८ ची वाट पाहावी लागली.