काशानची सोनेरी झिलई

रंगीत झिलईच्या फरश्यांना उर्दूत ‘काशी’ म्हणतात. वर्गात मुले विचारतात, ही बनारसची काशी का? नव्हे, इराणमधल्या काशानची. तिथल्या कुंभार घराण्यातला अबुल कासिम पुढे सुलतान उल्जायतूचा इतिहासकार झाला. पण १३०१ मध्ये त्याने आपल्या वाडवडिलांचा हुनर फारसीत लिहून ठेवला. आपण मात्र सुलतानांच्या सनावळ्याच घोकत बसतो!

झिलईच्या भाजलेल्या भांड्यावर चांदी-तांब्याची नक्षी काढून ते मंद, धुरकट भट्टीत ७२ तास ठेवायचे. धुरात प्राणवायू कमी पडतो, म्हणून धातू झिलईतच सुटा होतो. थंड भांडे ओल्या मातीने घासले की सोन्यासारखे झळकते. भरपूर हवेच्या भट्टीत, क्षारयुक्त झिलईत तेच तांबे फिरोजी रंग देते.