हवालदाराचे घर

मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाची ओळख आधी आकड्यात होते. एके काळी कमरेच्या पट्ट्याच्या पितळी बकलावर त्याचा क्रमांक असे, म्हणून त्याला ‘बक्कल नंबर’ म्हणत. पितळ गेले तरी शब्द राहिला. हजेरीला, ड्युटीच्या चिठ्ठीवर, स्टेशन डायरीत नावाआधी हा नंबर येतो. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झालेल्या हवालदाराला किंवा फौजदाराला मुलांच्या जन्मतारखा आठवायला क्षणभर लागेल. बक्कल नंबर तो झोपेतही सांगतो. या माणसाने घर कसे केले आणि मुले कशी वाढवली, हा शहराच्या इतिहासाचाच एक भाग आहे. पोलिसांच्या इतिहासात मात्र त्याला फार थोडी जागा मिळाली.

लिहिलेला इतिहास बहुतेक अधिकाऱ्यांचा आहे. सतराव्या शतकात जेराल्ड आँजियर याने मुंबई बेटावर भंडारी समाजातल्या माणसांचे पहाऱ्याचे दल उभे केले, तिथून त्याची सुरुवात होते. पुढे १८५७च्या धामधुमीत शहर शांत ठेवणारा चार्ल्स फोर्जेट येतो, आणि १८६४पासून पोलीस आयुक्त असलेला फ्रँक साऊटर. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत मुख्यालय १८९६ साली आले. १९०९ ते १९१६ या काळात आयुक्त असलेल्या एस. एम. एडवर्ड्स यांनी दलाचा इतिहास लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्याच्या दिवशी जे. एस. भरुचा पहिले भारतीय आयुक्त झाले. या सगळ्या काळात नाक्यावर उभा असलेला शिपाई प्रामुख्याने कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून आणि नंतर घाटावरूनही आलेला होता. निळा डगला, गुडघ्यापर्यंतची अर्धी विजार आणि पिवळी टोपी या वेशात तो जुन्या छायाचित्रांत दिसतो. त्याचे नाव त्या छायाचित्राखाली सहसा नसते.

सुरुवातीला हा माणूस मुंबईत एकटाच राही. बायको-मुले गावी, शेत भावाकडे, आणि दर महिन्याला मनीऑर्डर. त्या पिढीतल्या बापाला मुले पाहुण्यासारखे ओळखत. शिमग्याला किंवा गणपतीला रजा मिळाली तर तो येई, आणि ऐन सणाला पोलिसाला रजा मिळणे ही दुर्मीळच गोष्ट. कुटुंब मुंबईत आणायचे तर खोली हवी, आणि खोलीचा प्रश्न बराचसा सोडवला तो बीडीडी चाळींनी.

गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी या चार ठिकाणी त्याने सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधून लांब बोळ आणि दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. घरे बांधली होती ती गिरणी कामगारांसाठी, पण सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग झाला आणि सत्याग्रही तिथे कोंडले गेले. पुढे सरकारी नोकरांना, त्यात पोलिसांना, इथे खोल्या मिळाल्या. सत्याग्रह्यांचा तुरुंग झालेल्या वस्तीत पुढे पोलिसांची मुले अभ्यास करू लागली, ही या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट आहे.

चाळ असो, नायगावची पोलीस लाईन असो की वरळीचा पोलीस कॅम्प, खोलीतली मांडणी साधारण एकच. दारामागच्या खिळ्यावर इस्त्रीचा गणवेश टांगलेला, त्याखाली चकचकीत बूट, कोपऱ्यात काठी. गणवेशाच्या खिळ्यावर दुसरे काही अडकवायचे नाही, हा घरातला अलिखित कायदा. परेडच्या आदल्या संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बकल, बटणे आणि टोपीचा बिल्ला ब्रासो लावून घासायचे काम मुलांकडे असे. आधी हिरवट-काळा मळ फडक्यावर उतरतो, मग पितळ हळूहळू पिवळे होत जाते, आणि शेवटी त्यात आपला चेहरा दिसला की काम संपले. वडिलांच्या नोकरीशी मुलांचा हाताने येणारा संबंध बहुतेक एवढाच. बाकी ठाण्यात काय घडले हे घरी बोलले जात नसे. मृतदेहाचा पंचनामा करून आलेला माणूस आधी मोरीत आंघोळीला जाई आणि मग मुलाला जवळ घेई. त्याने हा क्रम का पाळला, हे मुलांना फार उशिरा कळे.

पोलिसाच्या घराचा खरा मालक होता तो बंदोबस्त. ठाण्यातली पाळी बारा तासांची, आणि मोर्चा, निवडणूक, दंगल किंवा मोठ्या माणसाचा दौरा असला की तिला अंतच नाही. साप्ताहिक सुट्टी कागदावर असे. ती रद्द झाल्याचा निरोप आदल्या रात्री येई. सगळा महाराष्ट्र सण साजरा करतो तेव्हा पोलीस रस्त्यावर असतो. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर लाखोंच्या गर्दीत दोर धरून उभ्या असलेल्या हवालदाराच्या घरचा गणपती त्याच्या शेजाऱ्याने किंवा थोरल्या मुलाने पोहोचवलेला असे. दिवाळीची पहिली आंघोळ, शाळेचे स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल या सगळ्यांत बापाची जागा रिकामी. पण याच माणसाने शाळेच्या फीसाठी सोसायटीचे कर्ज काढले. नाईट करून आल्यावर न झोपता मुलाला सायकलवरून परीक्षेच्या केंद्रावर सोडले, आणि फाटकाबाहेर भिंतीला टेकून पेपर सुटेपर्यंत तो थांबला. पोलिसाची माया बोलण्यात कमी आणि अशा थांबण्यात जास्त दिसली. कडक शिस्तीबद्दल लाईनमधल्या मुलांनी त्याला नावे ठेवली, ती सगळी खोटी नव्हेत. पट्टा फक्त कमरेलाच राहिला असेही नाही.

बाहेर या माणसाची प्रतिमा वेगळी होती. दादा कोंडके यांच्या १९७५च्या ‘पांडू हवालदार’ या चित्रपटानंतर ‘पांडू’ हे शिपायाचे टोपणनावच होऊन बसले. शाळेत ते नाव पोलिसाच्या मुलांच्या वाट्याला आले. चिरीमिरीचा आरोपही सरसकट सगळ्यांवर. लाच घेणारे होते, आजही आहेत. पण पगारात घर चालवून, निवृत्तीपर्यंत एकही डाग न लागू देणाऱ्या माणसांच्या मुलांनाही तोच टोमणा ऐकावा लागला. त्याचा सल त्या पिढीच्या बोलण्यात अजून जाणवतो.

साचलेला असंतोष १९८२ साली फुटला. पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना तेव्हा अस्तित्वात होती. कामाचे तास, पगार, घरे आणि साहेबांच्या बंगल्यावरची घरगुती कामे या तिच्या तक्रारी होत्या. स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावल्या. त्यानंतर, १८ ऑगस्टला संघटनेवर कारवाई झाली आणि शिपाई रस्त्यावर उतरले. वरळी-नायगावच्या परिसरात दंगल उसळली आणि सैन्याला बोलवावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. एकाच परिसरातल्या चाळींत संपकरी कामगार आणि त्यांच्यावर बंदोबस्ताला जाणारा शिपाई शेजारी राहत होते. संघटनेची मान्यता गेली, कित्येक जण बडतर्फ झाले. बडतर्फ झालेल्या माणसाची नोकरीबरोबर खोलीही जाते. या घटनेचा हिशोब दलाच्या शिस्तीच्या अंगाने पुष्कळदा मांडला गेला आहे, त्या घरांच्या अंगाने क्वचितच.

तासांचा प्रश्न पुढे चौतीस वर्षे तसाच राहिला. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचे वेळापत्रक स्वतः बसवून वरिष्ठांकडे दिले. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते आधी त्याच ठाण्यात चालवून पाहिले आणि २०१७च्या सुरुवातीला शहरातल्या सर्व ठाण्यांना लागू केले. ही पद्धत पुढे सलग टिकली नाही. तरी घरी रात्रीचे जेवण मुलांबरोबर झाले, हे त्या वेळी शिपायांनी आवर्जून सांगितले.

निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. शिपाई म्हणून लागलेला माणूस पूर्वी नाईक, हवालदार असे करत फार तर सहायक फौजदार होई. अनेक जण हवालदार म्हणूनच घरी गेले. २०२२ साली राज्याने नाईक हे पद रद्द केले, त्यामुळे शिपायाला फौजदाराच्या पदापर्यंत पोहोचण्याची वाट थोडी मोकळी झाली. महिन्याच्या अखेरच्या दिवशी निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि बहुतेक ठिकाणी पत्नीलाही शेजारी बसवले जाते. सेवापुस्तकात किती बक्षिसे लागली तो आकडा वाचून दाखवतात. रद्द झालेल्या रजांचा आकडा वाचला जात नाही.

समारंभानंतर प्रश्न उरतो तो सरकारी खोली सोडण्याचा. काही गावी परततात. काही फंड आणि ग्रॅच्युइटी घालून कल्याण, बदलापूर, पनवेल, विरार इथे एक-दोन खोल्यांचे घर घेतात. मुलींची लग्ने आधी करायची की घर आधी, या विवंचनेत नोकरीची शेवटची वर्षे जातात. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तिथल्या पोलीस कुटुंबांनी घराचा हक्क मागितला तो याच कारणाने. मालकीचे घर किती रकमेला द्यायचे यावर वाद झाला. ५० लाखांपासून उतरत तो आकडा २०२२ साली १५ लाखांवर आला. घर ५०० चौरस फुटांचे, म्हणजे जुन्या खोलीच्या तिप्पट.

कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांचे स्मरण दरवर्षी २१ ऑक्टोबरला होते. १९५९ साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले. मुंबईत या दिवशी नायगावच्या मैदानावर वर्षभरातल्या शहिदांची नावे वाचली जातात. निवृत्तीनंतर अंथरुणावर वारलेल्या हवालदाराचे नाव त्या यादीत येत नाही. त्याच्या अंत्ययात्रेला लाईनमधले जुने सोबती येतात आणि ओळीत उभे राहतात. घरी त्याचा फोटो लागतो तो बहुधा गणवेशातला, टोपी घातलेला. वर्षश्राद्धाच्या दिवशी तो फोटो पुसला जातो, आणि कपाटातल्या डब्यात जपून ठेवलेला पितळी बकल कोणीतरी नातवंडाला काढून दाखवते.