भाड्याचं सॉफ्टवेअर: गोष्ट जुनीच आहे

सबस्क्रिप्शनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पूर्वी एकदा पैसे भरले की काम संपायचं." आजच्या भागात बघू, हे 'पूर्वी' म्हणजे नेमकं कधी.

कारण सुरुवात भाड्यानंच झाली होती. आयबीएम आपली यंत्रं विकायचीच नाही, भाड्यानं द्यायची. 1956 मध्ये अमेरिकी सरकारबरोबरच्या खटल्यात तडजोड झाली आणि तिला यंत्रं विकणंही भाग पडलं. सॉफ्टवेअर तेव्हा यंत्राबरोबरच यायचं. जून 1969 मध्ये आयबीएमनं त्याची वेगळी किंमत लावायचं जाहीर केलं. ही किंमतही दरमहा फीच होती!

मग पीसी आले. सॉफ्टवेअर फ्लॉपीवर, सीडीवर, खोक्यात घालून दुकानात विकलं जाऊ लागलं. दर महिन्याला गिऱ्हाइकाच्या दारात कोण जाणार? म्हणून पैसे एकदाच, लायसन्स कायमचं. यात कंपनीची अडचण अशी, की जुनं नीट चालतंय तोवर नवं कोण घेणार? आपले डीटीपीवाले आठवा. पेजमेकरची शेवटची 7.0 आवृत्ती 2001 ची, पण तिच्यावर मराठी पत्रिका नि अंक पुढे कित्येक वर्षं लागत होते.

इंटरनेटनं वसुली सोपी केली. मे 2013 मध्ये अडोबीनं सांगून टाकलं, यापुढे क्रिएटिव्ह सूटची नवी आवृत्ती नाही, फक्त क्रिएटिव्ह क्लाउड. भाडं थांबलं की फोटोशॉप बंद. फाइल तुमच्याच डिस्कवर, पण किल्ली त्यांच्याकडे.

सप्टेंबर 2015 मध्ये आम्हा प्रोग्रॅमर लोकांची टूल्स बनवणाऱ्या जेटब्रेन्सनंही सबस्क्रिप्शन जाहीर केलं. एवढी ओरड झाली, की दोन आठवड्यांत कंपनीनं त्यात बदल केला. सलग 12 महिने पैसे भरले, तर एक ठरावीक आवृत्ती कायम वापरता येईल. नंतर भाडं थांबवलंत तर नवं मिळणार नाही, पण हातातलं कुणी काढून घेणार नाही.

मला हा सौदा पटतो. सर्व्हर चालवायचा, सिक्युरिटी अपडेट द्यायचे, तर दर महिन्याला खर्च येतोच. भाडं मागण्यात गैर काही नाही. पण पैसे थांबतील त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल, हे मला आधी कळायला हवं. म्हणून पुढचं सबस्क्रिप्शन घेताना किंमत नंतर बघा, आधी 'एक्स्पोर्ट'चं बटण कुठंय ते शोधा.

भेटू पुढच्या भागात!